वैद्यकीय पदवीची निवड आणि अर्ज : पालकांशी हितगुज

(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात प्रशासन विभागातर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रशासकाने बोलायचे ते खाटा, औषधखर्च आणि थकीत देयके यांविषयी, असा संकेत आहे. तो हिशेब या अहवालाच्या पुढील पानांवर आहेच. आज मात्र आम्ही वेगळा विषय घेत आहोत, कारण तो आमच्या कार्यालयाच्या दाराशी दर वर्षी आपणहून चालत येतो. बारावीचे आणि प्रवेश परीक्षेचे निकाल लागले की देयकाची सवलत मागणाऱ्यांच्या रांगेत आणखी काही माणसे उभी दिसतात. कोणी आमच्याच प्रसूती कक्षातील सेविका असते, कोणी रुग्णवाहिकेचा चालक, कोणी खाटेवरील रुग्णाचा भाऊ. प्रश्न एकच असतो : "साहेब, पोरगी नीट पास झाली. आता डॉक्टरकीला कुठं घालू?"

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. शरीरशास्त्रातले आम्हांस काही कळत नाही. परंतु कागद, मुदत आणि जमाखर्च या तीन गोष्टींत आमचे आयुष्य गेले आहे. आणि आमचा अनुभव असा की, गुणवान मुलांची वैद्यकीय जागा परीक्षेच्या दालनात जितकी हुकते, तितकीच ती या तीन गोष्टींपायी हुकते किंवा घराला जड जाते. म्हणून हे चार शब्द.

प्रथम 'पास' या शब्दाविषयी. आमच्या पिढीत बारावीच्या गुणांवर प्रवेश होत. १९९९ पासून राज्याची सामाईक परीक्षा आली. खासगी महाविद्यालयांची 'असो-सीईटी' निराळी, अभिमत विद्यापीठांच्या आणखी निराळ्या, आणि प्रत्येकीचे शुल्क वेगळे भरावे लागे. 'नीट' प्रथम २०१३ साली झाली, त्याच वर्षी न्यायालयाने ती रद्दबातल ठरवली, २०१६ मध्ये ती पुन्हा आली, आणि २०१७ पासून आपल्या राज्यातील एमबीबीएसच्या जवळपास सर्व जागा याच एका परीक्षेतून भरल्या जातात. ती मराठीतूनही देता येते. २०२५ साली २२ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नोंदणी केली आणि १२ लाखांहून अधिक पात्र ठरले. देशभरात एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे पात्र ठरलेल्या दहांपैकी नऊ जणांना जागा नाही. त्या वर्षी खुल्या प्रवर्गाची पात्रता ७२० पैकी १४४ गुणांवर होती, तर आपल्या राज्यात शासकीय महाविद्यालयातील खुल्या जागेसाठी त्याच्या तिपटीहून अधिक गुण लागले. यास्तव 'नीट पास झाली' एवढ्यावर पेढे वाटण्यापूर्वी गुणवत्ता यादीतील क्रमांक पाहावा. मुलांना हे ठाऊक असते. पालकांना ते सांगण्याचा धीर त्यांना नसतो, एवढेच.

आता कागदांविषयी. राज्याच्या कोट्यातील जागांसाठी सामान्यतः दहावी व बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते आणि अधिवास प्रमाणपत्र लागते. प्रवर्गाचा लाभ घ्यायचा तर जातीचा दाखला पुरत नाही. जात वैधता प्रमाणपत्र हवे, आणि जेथे लागू असेल तेथे त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असणारे नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र हवे. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून काही दिवसांत मिळतो. वैधता प्रमाणपत्राचे तसे नाही. त्यासाठी पूर्वजांचे वास्तव्य व जात दाखवणारा जुना पुरावा लागतो : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. एवढे जुने कागद शहरातल्या खोलीत कोणाकडे असतात? ते गावी असतात. आजोबांच्या शाळेच्या दाखल खारीज नोंदवहीत, तहसिलातील जन्ममृत्यूच्या कोतवाल बुकात, जुन्या खरेदीखतात.

आमच्या प्रसूती कक्षातील एका सेविकेचे उदाहरण सांगतो. मुलगी अकरावीत असतानाच कनिष्ठ महाविद्यालयाने वैधतेचा अर्ज करण्यास सांगितले. माहेर-सासर दोन्ही सातारा जिल्ह्यातले. आजोबा शाळेत गेलेलेच नव्हते; तेव्हा पणजोबांच्या पिढीची कोतवाल बुकातील नोंद शोधावी लागली. नोंद सापडली, पण ती मोडी लिपीत. मोडी वाचणारा जाणकार गाठून लिप्यंतर करून घेणे, वंशावळीचे शपथपत्र, नावातील फरकाचे दुसरे शपथपत्र, समितीपुढील सुनावणी, या सर्वांत वर्षाहून अधिक काळ गेला. बाईंनी आपल्या साऱ्या किरकोळ रजा तहसिलाच्या पायरीवर खर्च केल्या. प्रमाणपत्र हाती आले तेव्हा मुलीची प्रवेश परीक्षा व्हायची होती, म्हणून निभावले. त्याच सुमारास आमच्या एका रुग्णाच्या पुतण्याने हीच धावपळ निकालानंतर आरंभली. प्रमाणपत्र वेळेत आले नाही, त्याची गणना खुल्या प्रवर्गात झाली, आणि जी जागा त्याच्या गुणांना मिळाली असती ती दुसरीकडे गेली. काही वर्षी शासनाने प्रमाणपत्र सादर करण्यास मुदत वाढवून दिली आहे, हे खरे. परंतु ती मिळेलच असे धरून चालणे म्हणजे पावसावर भरवसा ठेवून विहीर न खणणे होय. मूल अकरावीत गेले की पालकांनी पहिली रजा याच कामासाठी टाकावी.

प्रवेशाचे दरवाजे दोन आहेत आणि दोन्ही ठोठवावे लागतात. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून जातात. ही व्यवस्था १९८६ पासून चालत आली आहे. त्या जागा, तसेच अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि सर्व अभिमत विद्यापीठे यांचे प्रवेश दिल्लीची वैद्यकीय समुपदेशन समिती करते. शासकीय महाविद्यालयांतील उरलेल्या ८५ टक्के आणि राज्यातील खासगी महाविद्यालयांच्या जागा राज्याचा सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष भरतो. नोंदणी दोन्हीकडे स्वतंत्र, वेळापत्रक वेगळे आणि अनामतही वेगळी. 'नीटचा फॉर्म भरला म्हणजे झाले' या समजुतीत राहून राज्याची नोंदणीच न केलेली मुले आम्ही पाहिली आहेत.

आणखी एक दरवाजा आहे, ज्याची माहिती येथे बसलेल्यांपैकी पुष्कळांना नसावी. ज्यांच्या पगारातून कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी कापली जाते, अशा कामगारांच्या मुलांसाठी विमा महामंडळाच्या फरिदाबाद, हैदराबादचे सनथनगर, कलबुर्गी इत्यादी ठिकाणच्या वैद्यकीय महाविद्यालयांत काही जागा राखीव असतात. विमाधारकाचे पाल्य असल्याचे प्रमाणपत्र मुदतीत घ्यावे लागते. गिरणगावातील, औद्योगिक वसाहतींतील किती कुटुंबे या रुग्णालयात येतात हे आपण जाणताच. त्यांनी ही गोष्ट अवश्य लक्षात घ्यावी. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचाही विचार व्हावा. तेथे नीटच्या गुणांनंतर स्वतंत्र चाचणी व मुलाखत असते, मुलींनाही प्रवेश आहे, आणि शिक्षणाचा भार सरकार उचलते; त्याबदल्यात सैन्यदलात सेवा करावी लागते. शिस्तीची आवड असलेल्या, पण घरी पैसा नसलेल्या मुलासाठी याहून चांगली जागा आम्हांस तरी ठाऊक नाही.

पसंतीक्रम भरणे हा सर्वांत गैरसमजाचा विषय. पुष्कळ पालक घाबरून 'मिळण्यासारखे' महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर टाकतात आणि मनातले सातव्या क्रमांकावर. ही पद्धत चुकीची आहे. संगणक गुणवत्ता क्रमाने एकेका विद्यार्थ्याकडे येतो. तुमची पहिली पसंती शिल्लक आहे का पाहतो, नसेल तर दुसरी, मग तिसरी. वरची पसंती मिळाली नाही म्हणून खालच्या पसंतीवरील तुमचा हक्क कमी होत नाही. तेव्हा जे खरोखर हवे ते वर, जे त्यानंतर हवे ते त्याखाली, इतके सोपे आहे. मात्र ज्याचे शुल्क पेलणार नाही ते महाविद्यालय यादीत शेवटीही घालू नये. ते मिळाले आणि प्रवेश घेतला नाही, तर फेरीनुसार अनामत जप्त होते, पुढील फेऱ्यांचे दार बंद होऊ शकते, आणि अगदी शेवटच्या फेरीच्या बाबतीत पुढील वर्षीच्या परीक्षेला मुकण्याची पाळी येऊ शकते. नियमांची पुस्तिका दर वर्षी नवी निघते. मागील वर्षीच्या पुस्तिकेवर आणि शेजारच्या मुलाच्या सांगण्यावर विसंबू नये.

यादी करताना एक बदल ध्यानात असू द्यावा. पूर्वी राज्यात ७० टक्के जागा आपापल्या विभागातील विद्यार्थ्यांसाठी असत. सप्टेंबर २०२० मध्ये ती पद्धत रद्द झाली. आता सिंधुदुर्गातील मुलीला गोंदियात जागा मिळू शकते आणि गोंदियातील मुलाला सिंधुदुर्गात. संधी वाढली, तसे वसतिगृह, खानावळ आणि रेल्वेभाडेही वाढले. ते हिशेबात धरावे.

आता, महाविद्यालय चांगले कशावरून ओळखावे? येथे मात्र रुग्णालयाच्या माणसाने बोलण्याचा थोडा अधिकार आहे. माहितीपत्रकावरील संगमरवरी प्रवेशद्वार आणि वातानुकूलित व्याख्यानगृह पाहून आम्ही कधी प्रभावित होत नाही. वैद्यक पुस्तकातून अर्धेच शिकता येते. उरलेले अर्धे रुग्णाच्या उशाशी उभे राहून शिकावे लागते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये ठरविलेल्या निकषांनुसार १०० विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाला ४२० खाटांचे रुग्णालय हवे, आणि वर्षभरात त्यांपैकी ८० टक्के खाटा भरलेल्या हव्यात. खाटा मांडणे सोपे आहे. त्या भरणे किती कठीण, हे आमच्यासारख्यांना विचारावे. म्हणून आमचा सल्ला असा की, शक्य असेल तर पालकांनी कामाच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावे आणि केसपेपरच्या खिडकीपुढची रांग पाहावी. प्रसूती कक्षात किती बाळंतिणी आहेत, अपघात विभागात हालचाल आहे का, औषधांच्या खिडकीशी गर्दी आहे का, हे कोणालाही न विचारता दिसते. रुग्णांना विचारावे, 'किती लांबून आलात?' ज्या रुग्णालयात चाळीस मैलांवरून माणसे एसटीने येतात, तेथे शिकण्यासारखे काही असते. गर्दीची, रंग उडालेली जुनी शासकीय रुग्णालये पाहून मुले नाके मुरडतात. पण ज्या डॉक्टरांच्या हातात आपण निर्धास्तपणे रुग्ण सोपवतो, त्यांतील बहुतेक अशाच भिंतींमध्ये शिकले आहेत.

२०२४ साली राज्यात जालना, गडचिरोली, बुलढाणा, वाशीम, हिंगोली, भंडारा आदी ठिकाणी दहा नवी शासकीय महाविद्यालये सुरू झाली. नव्या संस्थेत अध्यापकवर्ग व इमारती पूर्ण होण्यास काळ लागतो, ही उणीव खरी. परंतु जिल्ह्याच्या रुग्णालयाशी जोडलेल्या अशा ठिकाणी रुग्णांची वाण नसते, आणि शुल्क शासकीय असते. खासगी महाविद्यालयाच्या कर्जापेक्षा आम्ही तरी हीच उणीव पत्करू.

कर्जाचा विषय निघालाच आहे, तर तो आमच्या शास्त्राने मांडू द्या. एमबीबीएसचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, त्यानंतर एक वर्ष आंतरवासिता. काही अभिमत विद्यापीठांचे वार्षिक शुल्क २० लाखांच्या वर आहे. २० लाख धरले तरी साडेचार वर्षांचे ९० लाख झाले. द.सा.द.शे. १० टक्क्यांनी त्याचे केवळ व्याज वर्षाला ९ लाख, म्हणजे महिन्याला ७५ हजार रुपये. मुद्दल जागच्या जागी. नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या डॉक्टरला काय मिळते हे या रुग्णालयाच्या वेतनपटावरून आम्हांस ठाऊक आहे, आणि त्यातून हे व्याज भागत नाही. मग घर गहाण पडते, किंवा गावची जमीन जाते. खासगी महाविद्यालयांचे शुल्क राज्यात शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देते. ते प्रसिद्ध होते आणि पाहता येते. वसतिगृह, खानावळ, ग्रंथालय अनामत यांची बेरीज त्यात आहे की वेगळी, आणि शुल्क साडेचार वर्षांचे घेणार की पाच, हे प्रवेशापूर्वी लेखी विचारावे. लेखी उत्तर न देणाऱ्याबद्दल काय समजायचे ते समजावे.

मुलींच्या पालकांसाठी एक आनंदाची गोष्ट. २०२४-२५ पासून, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य शासन भरते. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोटा आणि अभिमत विद्यापीठे त्यात येत नाहीत. एका पसंतीच्या फरकाने एखाद्या घराचे लाखो रुपये वाचू शकतात, ते असे. शासकीय महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्यांनी पदवीनंतरच्या एक वर्षाच्या बंधपत्रित सेवेच्या अटीही आधीच वाचून घ्याव्यात. ती सेवा आम्हांस शिक्षा वाटत नाही.

दलालांविषयी दोनच वाक्ये. देणगी घेऊन प्रवेश देण्यास या राज्यात १९८७ च्या कायद्यानेच बंदी आहे, आणि आज संस्थास्तरीय कोट्यासह एमबीबीएसची प्रत्येक जागा गुणवत्ता क्रमाने, अधिकृत समुपदेशनातूनच भरावी लागते. त्यामुळे 'आगाऊ द्या, जागा पक्की' म्हणणारा माणूस एकतर खोटे बोलत आहे, किंवा तुमच्या मुलाला गुन्ह्यात ओढत आहे.

परदेशी जाण्याचा मोह शुल्कामुळे होतो. ते सरसकट वाईट म्हणणार नाही, पण अटी कडक आहेत. नीटची पात्रता २०१८ पासून तेथेही आवश्यक आहे. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा आणि एकाच संस्थेतला हवा. तेथे १२ महिन्यांची आंतरवासिता, परतल्यावर येथे पुन्हा १२ महिन्यांची, आणि मध्ये परवाना परीक्षा. त्या परीक्षेच्या अलीकडच्या अनेक सत्रांत पाचांपैकी जेमतेम एक उमेदवार उत्तीर्ण झाला आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनहून हजारो मुले शिक्षण अर्धवट टाकून परतली, हेही विसरून चालणार नाही.

ज्यांना एमबीबीएस मिळत नाही, त्यांनी तीन-तीन वर्षे लातूर किंवा कोट्याच्या खोल्यांत काढावीत असे आम्हांस वाटत नाही. एकदा पुन्हा प्रयत्न करणे समजण्यासारखे आहे. त्यापुढे मुलाला बसवून शांतपणे विचारावे. आयुर्वेद, होमिओपॅथी, भौतिकोपचार यांची दारे खुली आहेत, आणि परिचर्येच्या पदवीसाठी राज्याची वेगळी प्रवेश परीक्षा आहे. रात्री दोन वाजता अतिदक्षता विभागात रुग्णाचे प्राण कोणाच्या सावधपणावर टांगलेले असतात, हे येथील नातेवाइकांनी पाहिले आहे. त्या परिचारिकेला कोणी 'डॉक्टर होऊ शकली नाही' असे म्हणावे, याचा आम्हांस राग येतो.

शेवटी देणगीदारांशी. आपल्यापैकी काहींनी मोठ्या मनाने विचारणा केली की, एखाद्या हुशार गरीब मुलाचे खासगी महाविद्यालयाचे संपूर्ण शुल्क संस्थेने का भरू नये? आमचे नम्र मत वेगळे आहे, आणि विश्वस्त मंडळापुढे आम्ही ते मांडले आहे. एका मुलाच्या शुल्कात जितकी रक्कम जाईल, तितक्यात कित्येक मुलांचे अर्जशुल्क, अनामत, गावी जाऊन जुने दाखले काढण्याचा खर्च, पुस्तके आणि वसतिगृह-खानावळ भागते. शुल्कमाफी मिळालेल्या मुलीचेही जेवण माफ होत नाही. शासकीय जागा मिळूनही पहिल्या सत्राच्या खानावळीपायी घरातील दागिना मोडला जातो, तेथे आपली मदत पोहोचावी, अशी आमची विनंती आहे. काही विश्वस्तांना ही मदत फार विखुरलेली वाटते; हा आक्षेप आम्ही मोकळेपणी येथे नोंदवतो. निर्णय मंडळाचा राहील. तो कोणताही झाला तरी धनादेश महाविद्यालयाच्या किंवा वसतिगृहाच्या नावे, पावती आमच्याकडे, आणि देणगी मागणाऱ्या संस्थेला एक रुपयाही नाही, ही पद्धत बदलणार नाही.

प्रवेशाच्या मोसमात दर शनिवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत लेखा विभागाशेजारच्या खोलीत आमचे दोन सहकारी अर्ज व कागदपत्रे पाहून देतील. रुग्णांच्या नातेवाइकांनीही यावे. देयक भरले आहे की थकले आहे, हे तेथे कोणी विचारणार नाही. येताना मूळ कागद आणि प्रत्येकी दोन छायाप्रती आणाव्यात. अकरावीत नुकत्याच गेलेल्या मुलांच्या पालकांनी आधी यावे.